१८१७ च्या पुण्यात ‘विवाहबाह्य संबंध’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: १८१७ च्या पुण्यावर बेतलेल्या नाटकात संगमावरच्या रेसिडेन्सीतील (इंग्रजांच्या वकिलातीतील) एका साहेबाने ठेवलेली बाई पेशव्यांच्या पदरी असलेल्या शिलेदारात गुंतते, तिच्या वागण्याला इतर पात्रांनी ‘विवाहबाह्य संबंध’ म्हटलेले चालेल का?

मुळीच चालणार नाही. हा शब्दप्रयोग आजच्या वर्तमानपत्रांतला आहे, आणि कोणालाही दोष न देण्याची त्यातली काळजी पेशवाईच्या भाषेला ठाऊक नव्हती. तेव्हाच्या सरकारी कागदांत ‘बदअंमल’, ‘बदकर्म’, ‘शिंदळकी’ असे शब्द येतात, तर शास्त्रीबोवा ‘व्यभिचार’ किंवा ‘जारकर्म’ म्हणतील. तेव्हा बोलणारा कोण आहे हे आधी ठरवावे लागेल. ‘शिंदळकी’ मात्र जपून वापरावा, कारण हा ठपका बाईवरच येई आणि तो शाबीत झाला तर तिला बटीक, म्हणजे गुलाम दासी, करण्यापर्यंत मजल जाई.

खरी अडचण याहून निराळी आहे. ही बाई साहेबाची लग्नाची बायकोच नाही. मराठी कागदांत अशा बाईला ‘नाटकशाळा’ किंवा ‘राख’ म्हणत. जिथे विवाहच नाही, तिथे ‘विवाहबाह्य’ काय असणार? साहेब तिला तैनात, म्हणजे ठरलेला पगार, देतो आणि त्या बदल्यात तिची निष्ठा गृहीत धरतो. १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांच्या गळ्यात पडलेली इंग्रजांची फौजही ‘तैनाती’च होती, हे नाटककाराने अवश्य ध्यानात घ्यावे. चिडलेला साहेब हिंदुस्थानीत ‘बेवफा’ म्हणेल. पण ‘निमकहराम’ म्हणाला तर अधिक खरे वाटेल, कारण तो चाकरीतला शब्द आहे आणि या नात्याकडे साहेब कसा पाहत होता ते त्यातून एका क्षणात कळते.

बाईच्या तोंडचे ‘मी त्याच्यावर प्रेम करते’ हे वाक्यही बदलावे. ‘प्रेम’ हा शब्द संतांच्या वाङ्मयातही आहे, पण या वाक्याची घडण आजची वाटते. शाहीर राम जोशी आणि होनाजी बाळा यांच्या लावण्या त्या वेळी पुण्याच्या कानांत होत्या. त्या वळणाने तिने ‘त्याच्यावर माझा जीव जडला’ म्हणावे. तिच्या शरीराच्या ओढीला संहितेत ‘वासना’ म्हटले आहे, तेही मला खटकते, कारण आज त्या शब्दात निषेध मुरलेला आहे. लावणीतली स्त्री ‘हौस’ म्हणते, आणि ती पुरवून घ्यायला संकोचत नाही.