गुलमर्गला यंदा बर्फ कमी आहे, मग स्की टूरिंगला (स्कीवरून स्वतः डोंगर चढून खाली घसरत येणं) हिमस्खलनाचा धोकाही कमी का?

नाही, उलट जास्त जपा. बर्फाचा थर पातळ आणि रात्री निरभ्र, कडाक्याच्या असल्या की तळचा बर्फ साखरेसारखा सुटा, दाणेदार होतो. नंतर त्यावर एकदम मोठी हिमवृष्टी झाली की तो भार त्याला पेलत नाही. २०२४ चा जानेवारी तिथे जवळपास कोरडा गेला, फेब्रुवारीत जोरदार बर्फ पडला आणि २२ तारखेला हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा जीव गेला. हा कच्चा थर आठवडेच्या आठवडे टिकतो. त्यामुळे दोन दिवस ऊन पडलं, आता धोका नाही, असं समजून ३० अंशांहून तीव्र उतारावर जाऊ नका, त्याच्या पायथ्यानेही नको. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवंच. पातळ बर्फाखाली दगड असतात, वेगही आवरा.