दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या पहिल्या मीटिंगला जायचंय पण धीर होत नाहीये त्यांच्यासाठी

दादा, रोज भरपूर पीत असशील तर एकदम बंद करून थेट मीटिंगला येऊ नकोस, आधी डॉक्टरला भेट. अचानक सोडली की हात थरथरतात, भास होतात, काहींना फिट येते, आणि ते जिवावर बेतू शकतं. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून, तिथे अ‍ॅडमिट होऊन उपचार घेता येतात.

आता मीटिंगचं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या हेल्पलाइनला फोन कर आणि जवळचा ग्रुप, वेळ, भाषा नीट विचारून घे, मराठी मीटिंग आहे का तेही विचार, कारण मनातलं आपल्या भाषेतच मोकळं होतं. ओपन मीटिंगला घरचेही येऊ शकतात, क्लोज्ड फक्त ज्यांना दारू सोडायचीय त्यांच्यासाठी. फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही, पहिल्या दिवशी गप्प बसून नुसतं ऐकलंस तरी चालतं.

ओळखीचं कोणी भेटलं तर काय, ही भीती सगळ्यांनाच असते रे. पेठेत राहत असशील तर लांबच्या एरियातला ग्रुप धर, पण खरं सांगू का, तिथे भेटलेला ओळखीचा माणूसही त्याच कारणासाठी आलेला असतो आणि तिथलं तिथेच ठेवायचं हे सगळे पाळतात.

एक ग्रुप नाही पटला तर दुसरा बघ, लगेच सोडून देऊ नकोस. मीटिंग संपली की पळू नको, चहाला थांब, दोघातिघांचे नंबर घे, संध्याकाळी तलफ आली की त्यांनाच फोन लावायचा. मधे प्यायलास तरी दुसऱ्या दिवशी ये, कोणी हाकलत नाही. आणि वहिनींना अल-अ‍ॅनॉनबद्दल सांग, ते घरच्यांसाठीच असतं.