शुक्र ढगांनी पूर्ण झाकलेला असताना त्याच्या पृष्ठभागाचा नकाशा कसा तयार केला?

पर्वतीवरून संध्याकाळी दिसणारा शुक्र इतका लखलखतो तो त्याच्या ढगांमुळेच, आणि तेच ढग साध्या कॅमेऱ्याला खालची जमीन दिसू देत नाहीत; म्हणून नकाशासाठी ढगांतून आरपार जाणाऱ्या रडारच्या लहरी वापराव्या लागल्या. ‘मॅगेलन’ या अमेरिकी यानाने १९९० ते १९९४ या काळात अशा लहरी तिरप्या सोडून, त्यांचा प्रतिध्वनी किती वेळाने आणि किती बदललेल्या वारंवारितेने परत येतो हे मोजले व सुमारे ९८ टक्के पृष्ठभागाची चित्रे मिळवली. उंची मात्र थेट खाली रोखलेल्या वेगळ्या अँटेनाने मोजली.

ही चित्रे वाचताना एक चूक हमखास होते. त्यांतील उजळ भाग म्हणजे उंच भाग नव्हे; तो बहुधा खडबडीत असतो, तर गुळगुळीत लाव्हाची मैदाने काळी दिसतात.

नावांबाबत सांगायचे तर, शुक्रावरील जवळपास सर्व नावे स्त्रियांची वा देवतांची आहेत (मॅक्सवेल पर्वत हा ठळक अपवाद). तेथील सुमारे ३४ किलोमीटर व्यासाचे ‘जोशी’ विवर डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचे आहे, ज्यांचे १८८७ मध्ये आपल्या पुण्यातच निधन झाले.