बाळ लहान आहे, पीएचडी सोडू का?

हा प्रश्न घेऊन माझ्याकडं येणारी बाई बहुतेक वेळा एकटी येत नाही. हीसुद्धा नवरा आणि सासूबाईंसोबत आली. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) कोल्हापुरातच भौतिकशास्त्रात पीएचडी, थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थाच्या अतिपातळ थरांवर काम, तिसरं वर्ष. बाळ सात महिन्यांचं.

सासूबाईंनीच तोंड फोडलं. "आम्ही कुठं नको म्हणतोय? पण तिला जमंना झालंय. त्यापेक्षा ज्युनिअर कॉलेजात लागावं, दुपारी घरी." (तिथं तरी कायम जागा कुठं ठेवल्यात म्हणा!) सोडलं तर सीनिअर फेलोशिपचे महिन्याला ४२ हजार बंद होतील, हे मात्र कुणी बोललं नव्हतं.

"नेमकं काय जमत नाही?" मी तिलाच विचारलं.

"भट्टी," ती म्हणाली.

काचेवर थर चढवून भट्टीत तापवायला ठेवला की चार-पाच तास हलता येत नाही. मध्येच उठून आलं तर नमुना वाया. एक्सआरडीचा, म्हणजे क्ष-किरणांनी नमुना तपासणाऱ्या यंत्राचा नंबर लागतो तो नेमका बाळाच्या दुधाच्या वेळी. गाईडना यातलं काहीच सांगितलेलं नाही. "बायकांचं हे असंच" ऐकायला लागेल, ही धास्ती. बाळंतपणानंतर दीड महिन्यात ती लॅबमध्ये हजर होती. रजा मिळते हेच माहीत नव्हतं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीच्या पूर्ण काळात महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. कमाल मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणीनं आणखी दोन, आणि महिलांना त्यावर अजून दोन. नवरा बँकेतला, आकडे त्याला लगेच कळले. "म्हणजे हिची रजा शिल्लकच आहे की!"

तिला जमेल का, हे घरात सगळ्यांनी विचारून झालं होतं. कुणी काय हलवायचं, ते आम्ही त्या दिवशी कागदावर मांडलं. दुसरा आणि चौथा शनिवार बँक बंद, तेव्हा बाळ नवऱ्याकडं. मंगळवार सासूबाईंचा. त्यांची अट एकच, "त्या दिवशी मी चुलीकडं बघणार न्हाई." डबा लावायचं ठरलं.

तिनं सगळं सांगितल्यावर गाईडनी भट्टीचे दिवस बांधून दिले, रजेचा अर्जही पुढं गेला. एक्सआरडी त्यांच्या हातात नाही, तिथली रांग आहे तशीच. लॅबमधली एक ज्युनिअर तिचे नमुने लावून देते. बदल्यात ही रात्री घरी बसून तिचे आलेख काढून देते.