हमी कोर्टाला दिलीय, तुम्हाला नाही

"मॅडम, कोर्टात लिहून देऊनही तो थांबत नाही. मग त्या कागदाचा उपयोग काय?" हा प्रश्न वरचेवर येतो.

कोरेगावकडच्या या ताई (तपशील बदललेत). कौटुंबिक हिंसाचाराच्या केसमध्ये तडजोड झाली, फोन आणि पाठलाग बंद करण्याची हमी नवऱ्यानं दिली. थोड्याच दिवसांत तो साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर आडवा येऊ लागला, रात्री मेसेज.

"मग तुम्ही काय करता?"

"हातापाया पडते. मेसेज पुसून टाकते, पोरीनं बघू नयेत म्हणून."

पुढचे काही आठवडे रडण्यात आणि स्वतःला दोष देण्यात गेले. मग एकदा मी पुरसीस, म्हणजे नवऱ्यानं कोर्टात लिहून दिलेला तो कागद, मोठ्यानं वाचायला लावली. "मे. कोर्टास हमी देतो की..." ताई थांबल्या. तीच ओळ पुन्हा वाचली.

"म्हणजे शब्द कोर्टाला दिलाय? मग विनवण्या मी का करतेय?"

त्या दिवसापासून त्यांनी उत्तरं देणं बंद केलं. भीती गेल्यावर माणूस हालचाल करतो, हे मला पटत नाही. हाताला काम मिळालं की भीती ओसरते. हे काम मी नेमून देते, आणि ते लागू पडतं.

आधी हमी आणि त्यावरचा हुकूम यांची सही-शिक्क्याची नक्कल काढा. नुसती आपसातली तडजोड असेल, कोर्टाला हमी नसेल, तर कोर्टाच्या अवमानाचा मुद्दा लंगडा पडतो. वहीत तारीख, वेळ, जागा, साक्षीदार लिहा. मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, पण मूळ फोनही जपा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. तुम्ही स्वतःहून बोलावल्याचा एखादा मेसेज असेल तर वकिलापासून लपवू नका. भंग जाणूनबुजून झाला हे दाखवायचं असतं, आणि समोरचा नेमका तोच मेसेज पुढे करतो.

१९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यानुसार हमीचा असा भंग म्हणजे दिवाणी अवमान: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुदत भंगापासून एक वर्ष. अर्ज उच्च न्यायालयात. सातारा-सांगलीकरांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचंच कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. मनापासूनची माफी कोर्ट स्वीकारू शकतं, ही तयारी ठेवा.

हातात कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ चा संरक्षण आदेश असेल तर त्याचा भंग हा वेगळा, दखलपात्र गुन्हा आहे; तक्रार थेट पोलीस ठाण्यात. आणि तो दारात उभा असेल तर वही बाजूला ठेवून ११२ लावा.