जुना डेस्कटॉप फार स्लो झालाय (विंडोज १०, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क). फॉरमॅट मारू की चांगला क्लीनर सुचवाल?

दोन्ही नको, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर साठवणारी डिस्क) बसवा. फॉरमॅटचा सल्ला ज्याने दिला तो आमच्या भाऊजींच्या ओळखीतला असणार.

ताईकडचा डेस्कटॉप अगदी असाच होता. दर काही महिन्यांनी भाऊजी सी ड्राइव्ह उडवायचे, विंडोज नव्याने टाकायचे, मग आठवडाभर "बघ कसं पळतंय", आणि अपडेट उतरले, अँटीव्हायरस आला, क्रोम आलं की परत माउसचं चक्र फिरतंय ते फिरतंयच. त्यात एकदा भाचीचा डेस्कटॉपवर सेव्ह केलेला प्रोजेक्ट गेला, वर तिलाच ऐकवलं की बॅकअप घ्यायला नको का. मधे मधे रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदी साफ करणारा प्रोग्रॅम, खुद्द मायक्रोसॉफ्ट त्याला सपोर्ट करत नाही) आणि प्रीफेच फोल्डर रिकामा करणे. अहो, ते प्रीफेच विंडोज ठेवते प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून!

शेवटी मी टास्क मॅनेजर (मशीनमधलं काय किती राबतंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला. सीपीयू निवांत, डिस्क १००%. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणचं वाचू शकते, कारण दर वेळी हेड सरकवून प्लेट फिरायची वाट बघावी लागते, आणि विंडोज १० सुरू होताना हजारो बारीक फायली मागते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. त्यावर भाऊजी म्हणे मदरबोर्ड साटा-२ चा (डिस्क जोडायची जुनी, कमी वेगाची जोडणी) आहे, एसएसडी वाया जाईल. साटा-२ सेकंदाला ३०० एमबीपर्यंत देतं, जुनी डिस्क त्याच्या निम्म्यालाही कशीबशी पोचते, आणि खरा फायदा शोधण्याचा वेळ वाचतो तिथे आहे.

मी मुद्दाम फॉरमॅट केलंच नाही. तीच कचऱ्याने भरलेली विंडोज जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन केली, नाहीतर परत श्रेय फॉरमॅटला गेलं असतं. मशीन धडाधड उघडलं. भाऊजी म्हणाले, "नवीन आहे म्हणून, थोडे महिने जाऊ दे." अजून तेच म्हणतात.

तुमच्यासाठी, आधी एसएसडी, मग रॅम ८ जीबी. तुमची रॅम डीडीआर३ प्रकारची की डीडीआर४ ते बघून घ्या, एकमेकांच्या जागी बसत नाहीत. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ च्या वरची रॅम तिला वापरताच येत नाही, तेव्हा मात्र ६४ बिट नव्याने टाकावीच लागेल, म्हणजे फॉरमॅट आलंच, हे भाऊजींना सांगू नका. स्टार्टअपमधलं फालतू सगळं बंद करा.

आणि टास्क मॅनेजरमधे डिस्क नाही तर सीपीयूच १०० वर असेल तर माझं वरचं सगळं तुम्हाला लागू नाही, आधी पंख्यातली धूळ काढा, थर्मल पेस्ट (सीपीयूची उष्णता बाहेर न्यायला लावलेला लेप) वाळली असेल तर बदला. क्लोन करण्याआधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे काढून ठेवा, जुनी डिस्क मधेच मान टाकू शकते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, जुन्या मशीनवर ते बहुधा नसतं, त्यामुळे नेट आणि टायपिंगपुरतंच काम असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून बघा. आणि एसएसडी बसवल्यावर घरातलं कोणी मोठं माणूस डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली सलग लावणे, हार्ड डिस्कसाठीचं काम) करायला बसलं तर हाताला धरून उठवा, एसएसडीची ट्रिम (पुसलेल्या फायलींची जागा मोकळी असल्याचं तिला कळवणे) विंडोज स्वतःच करते.