मनू, तुझ्या गावाचा भूगोल

प्रिय मनू,

राजूकाकाच्या घरी गणपतीच्या आरतीला आलेल्या त्या नव्या आजींनी तुला जवळ घेऊन विचारलं, "तुझं गाव कोणतं गं?" तू म्हणालीस, "कोलंबस." आणि मी मागून म्हणालो, "कराड. आम्ही कराडचे." घरी येताना गाडीत तू विचारलंस, "बाबा, मी इथे जन्मले, मग माझं उत्तर चूक कसं? आणि कोलंबसमध्ये किती लोक राहतात, हे तरी तुला माहीत आहे का?"

आईने विषय बदलला. तुझा तो दुसरा प्रश्न मात्र मला लागला. म्हणून हे पत्र. सावकाश वाच, अडलं तर आईला विचार.

आधी आकडा. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या आपल्या कोलंबसमध्ये ५०,४७४ माणसं होती. २०१० मध्ये ४४,०६१ आणि २००० मध्ये ३९,०५९. म्हणजे वीस वर्षांत अकरा हजारांवर माणसं वाढली. २०२० च्या आकड्यात तू आहेस. तो फॉर्म मीच भरला होता आणि राहण्याच्या ठिकाणापुढे तुझं नाव मीच लिहिलं होतं. त्याआधीच्या आकड्यात आपल्यापैकी कुणीच नाही. आणि गंमत बघ, २०११ च्या जनगणनेत आपलं कराडही पन्नास हजारांच्या थोडं वरच होतं. दोन्ही गावं माणसांनी जवळजवळ सारखी. फक्त कराडची माणसं भिंतीला भिंत लावून राहतात, आणि इथे शेजाऱ्याच्या दारापर्यंत जायचं तर आधी अंगणभर गवत ओलांडावं लागतं.

आम्हाला तिसरीत सातारा जिल्ह्याचा भूगोल होता. महाराष्ट्रात तिसरीची मुलं आधी स्वतःचाच जिल्हा शिकत. स्थान आणि सीमा, तालुके, नद्या, पिकं, घाट, लोकजीवन, असे धडे. कोयना कुठून येते, कृष्णा कुठून येते, माण तालुक्यात पाऊस का पडत नाही, हे आम्ही घोकत होतो. पण माझा खरा भूगोल अप्पा आजोबांच्या मागे मागे फिरून झाला. ते मला कृष्णामाईच्या देवळाजवळच्या घाटावर न्यायचे. दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात, वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि कराडला अगदी समोरासमोर भेटतात. त्याला प्रीतिसंगम म्हणतात. पावसाळ्यात अप्पा रोज संध्याकाळी "पाणी कुठवर आलं" ते बघायला जायचे. सगळं गावच जायचं. कुठल्या पायरीला पाणी लागलं यावरून कोयनेला किती पाऊस झाला असेल, हे तिथे उभी असलेली माणसं आपापसात ठरवायची. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण तिथे उभं राहायला फार आवडायचं.

आजीने मला नकट्या रावळाची विहीर दाखवली. आगाशिवच्या डोंगरातली लेणी विजूआत्याने दाखवली. ६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा फळीवरची भांडी कशी खाली आली, हे आजी इतक्या वेळा सांगायची की तो मी स्वतः पाहिलाय असंच मला वाटायचं. अशी गावाची ओळख झाली. कुणी मुद्दाम करून दिली नाही.

आता ते गाव विचारण्याविषयी. तुला वाटतं तसं ती तुझी परीक्षा नव्हती. आमच्याकडे एसटीत शेजारी बसलेल्या बाईला आजी पहिल्यांदा हेच विचारायची, "कुठल्या म्हणायच्या तुम्ही?" बाई म्हणाली उंब्रज, तर आजी उंब्रजची सगळी ओळखीची घरं आठवायची. पेठनाका यायच्या आत कुणाची तरी चुलत नणंद निघायचीच. मग डबा उघडला जायचा. मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हा तापाने खोलीवर पडलो होतो. मेसच्या काकूंनी एकदा गाव विचारलं होतं, त्यांचं माहेर कराडजवळचं निघालं होतं. त्या ओळखीवर त्यांनी दोन्ही वेळेला मऊ भात खोलीवर पाठवला, पैसे घेतले नाहीत. आणि तुझा राजूकाका. तो सख्खा काका नाही हे तुला माहीत आहे. मी नवा नवा इथे आलो तेव्हा दुकानाबाहेर फोनवर मराठीत बोलत होतो. एक माणूस थांबला आणि म्हणाला, "गाव कोणतं?" मी म्हणालो कराड. तो म्हणाला फलटण. त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी पिठलं-भाकरी खात होतो. त्याने माझं नाव नंतर विचारलं.

त्यामुळे तो प्रश्न ऐकला की मला अजून घरच्यासारखं वाटतं. आजींनाही तुझ्याशी कुठूनतरी नातं जोडायचं होतं, एवढंच.

पण मनू, या रीतीची दुसरी बाजूही तुझ्यापासून लपवावीशी वाटत नाही. गाव आणि आडनाव विचारून पुष्कळ लोक माणसाची जात शोधतात. सगळे नाही, पण पुष्कळ. माझ्या वर्गातल्या एका मुलाला "गावात घर कुठे?" हा पुढचा प्रश्न आला की तो खाली बघायचा. तो का खाली बघतो, हे मला फार उशिरा कळलं. आणि आणखी एक. तुझी आई कोकणातल्या लांज्याची. तिने लहानपणी जी माती अंगाला लावून घेतली ती लाल माती, तिथला पाऊस, तिथली काजूची झाडं तुझ्या वाट्याला तितकीच आलीत. पण "गाव कोणतं" याचं उत्तर म्हणून लांजा कुणी घेत नाही. गाव बापाचं, असा रिवाज. तो मला पटत नाही. तरी त्या दिवशी मी कराडच म्हणालो, कारण तोंडात तेच बसलंय.

म्हणून म्हटलं, तिसरीच्या पुस्तकासारखा तुझ्या गावाचा भूगोल आपण लिहून बघावा.

स्थान: इंडियाना राज्याच्या दक्षिण भागात, इंडियानापोलिसच्या खाली, बार्थोलोम्यू काउंटीचं मुख्य ठिकाण. म्हणजे आपल्याकडे तालुक्याचं नाही, जिल्ह्याचं गाव म्हण. जमीन सपाट. हिमयुगात उत्तरेकडे वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने वाळू आणि खडी इथे आणून पसरली. पश्चिमेला थोडं गेलं की ब्राऊन काउंटीचे डोंगर सुरू होतात. तिकडे पानं रंगतात तेव्हा मला पाटणकडचा रस्ता आठवतो, आणि तू म्हणतेस, बाबा, प्रत्येक वेळी काहीतरी आठवलंच पाहिजे का? पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, आपल्यासारखा चार महिन्यांत सगळा नाही. पिकं मका आणि सोयाबीन. आजी इथे आली होती तेव्हा गाडीतून सोयाबीनची शेतं बघून केवढी खूश झाली होती! कराडकडेही आता उसाच्या जोडीला सोयाबीन असतं. एवढा प्रवास करून आल्यावर ओळखीचं रान दिसलं, याचंच तिला अप्रूप.

आणि नद्या. हे तुला सांगायला मला सगळ्यात जास्त आवडेल. आपण मिल रेस पार्कमध्ये जातो ना, तिथे दोन नद्या भेटतात. एक फ्लॅटरॉक, दुसरी ड्रिफ्टवुड. त्या भेटून जी पुढे जाते ती व्हाइट नदीची पूर्व शाखा. ती पश्चिम शाखेला मिळून व्हाइट नदी होते, व्हाइट वॅबॅशला मिळते, वॅबॅश ओहायोला, ओहायो मिसिसिपीला, आणि ते पाणी मेक्सिकोच्या आखातात जातं. म्हणजे तुझं गावही संगमावर वसलेलं आहे. मी संगमावरच्या गावातून निघालो आणि संगमावरच्याच गावात येऊन राहिलो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी नकाशा नीट पाहिला नव्हता. तुझ्या प्रश्नामुळे पाहिला.

इथेही पूर येतो. २००८ च्या जूनमध्ये, ७ तारखेला, हॉ क्रीक या एवढ्याशा ओढ्याला असं पाणी आलं की गावातलं मोठं इस्पितळ रिकामं करावं लागलं. रोग्यांना दुसरीकडे हलवलं. आपण इथे यायच्या आधीची ही गोष्ट. पण आपल्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई पाणी कुठवर आलं होतं ते हात करून दाखवतात, तेव्हा मला त्यांच्या जागी अप्पा दिसतात. इथेही लोक पाण्याची खूण लक्षात ठेवतात.

उद्योग म्हणजे कमिन्स. १९१९ मध्ये क्लेसी कमिन्स आणि बँकवाले डब्ल्यू. जी. अर्विन यांनी ही डिझेल इंजिनांची कंपनी याच गावात काढली. १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर ती पुण्यात आली. पुढे राजूकाकाच्या फलटणमध्येही तिचे मोठे कारखाने उभे राहिले. इंडियानाच्या एवढ्याशा गावात चकली मिळते, गणपतीच्या आरतीला अंगणभर चपला जमतात, त्यामागे बरंचसं हे कारण आहे. माणसं पोटामागे जातात. अप्पांचे वडीलही असेच खटावकडून कराडला आले. तिथे पाऊस नव्हता, कराडला नदी होती. म्हणजे कराडही आपलं फार जुनं नाही. खरं मूळ शोधत गेलो तर खटावच्या आधी कुठे, हे कुणीच सांगू शकणार नाही.

गावाच्या इमारतींबद्दल तू मलाच शिकवलंस. कमिन्सचे अर्विन मिलर यांनी १९५० च्या दशकात ठरवलं की गावातल्या शाळा चांगल्या वास्तुविशारदांकडून बांधून घेतल्या तर त्यांची फी कंपनीची संस्था देईल. शिवाय या पन्नास हजारांच्या गावात वास्तुविशारद एलिएल सारिनेन आणि त्यांचा मुलगा एरो यांची चर्च आहेत, आय. एम. पे यांचं वाचनालय आहे, आणि त्या वाचनालयासमोर शिल्पकार हेन्री मूरची कांस्याची ती मोठी कमान, जिच्याखालून तू चालायला लागल्यापासून धावतेस. जगभरचे लोक ते बघायला येतात. तुझ्यासाठी ते शनिवारी सकाळी पुस्तकं बदलायचं ठिकाण. जशी माझ्यासाठी नकट्या रावळाची विहीर म्हणजे दगड टाकून आवाज ऐकायची जागा होती.

इतिहासाचं एकच सांगतो, कारण ते मला टोचलं. गाव वसलं १८२१ मध्ये. सुरुवातीला त्याचं नाव टिप्टोना होतं, जॉन टिप्टन या जनरलच्या नावावरून, मग लगेच बदलून कोलंबस केलं. पण त्याच्या जेमतेम तीन वर्षं आधी, १८१८ च्या सेंट मेरीजच्या तहाने लेनापी लोकांना, ज्यांना इथे डेलावेअर म्हणतात, इंडियानातली आपली जमीन सोडून मिसिसिपीपलीकडे जावं लागलं. त्यांच्या वस्त्या याच व्हाइट नदीच्या काठांवर होत्या. "मूळचे कुठले" हा प्रश्न इथे विचारायचा तर त्यांनाच विचारावा लागेल. तुझ्या शाळेत हे शिकवतात का, मला सांग.

तुला वाटेल, बाबाने साध्या प्रश्नाचं एवढं मोठं उत्तर दिलं. मला तुझ्यावर कराड लादायचं नाही. पण ते तुझ्यापासून पूर्ण सुटावं असंही वाटत नाही, आणि या दोन्हींच्या मधे नेमकं कुठे थांबायचं हे मला रोज नव्याने बघावं लागतं. अप्पांनी माझ्याकडून काही पाठ करून घेतलं नाही, ते नुसते बरोबर चालले. तुझ्याबरोबर कराडच्या घाटावर तसं चालायला मला वर्षातले थोडेच दिवस मिळतात, म्हणून मी बोलून भरून काढतो.

पुढच्या वेळी कुणी गाव विचारलं तर कोलंबस सांग. मी मधे बोलणार नाही. त्यांनी पुढे विचारलंच तर कराड सांग, आणि लांजाही सांग, आईला बरं वाटेल. आणि मग तूही त्यांचं गाव विचार. जात शोधायला नाही, डबा उघडायला. एवढं मात्र सोडू नकोस.

तुझा,
बाबा